गाडी खाली आहे

परवा आमच्याकडे पेस्ट कंट्रोलवाला आला. पाठीला पंप, तोंडाला फडकं. अर्ध्या तासात त्याने ओट्याखालची झुरळं, माळ्यावरचे उंदीर आणि माझी दुपारची झोप, तिन्हींचा निकाल लावला. जाताना म्हणाला, "अंकल, तीन महीने टेन्शन फ्री." मी कागदावर सही केली, दार लावलं आणि उगाचच जिन्याकडे कान देऊन उभा राहिलो. काका असते तर त्यांनी या माणसाला अर्ध्या जिन्यात अडवून विचारलं असतं, "मारोगे? ट्रान्सफर नहीं कर सकते?"

काका म्हणजे आमचे जुने घरमालक. त्यांना जाऊन आता दोन वर्षं होतील. आम्ही भोपाळमध्येच बिट्टन मार्केटजवळ स्वतःच्या घरात आलो त्यालाही बराच काळ झाला, पण घरात एखादी मुंगी दिसली तरी विषय काकांवर जातो आणि सांगायचं काम माझ्याकडे येतं. बायको म्हणते, काकांची गोष्ट सांगताना तुम्ही सगळ्यांना हसवता आणि मधेच पाणी प्यायला उठून जाता. खरं आहे. ज्या ठिकाणी मी उठतो, तिथली गोष्ट आज लिहून टाकावी म्हणतो.

पुण्याहून माझी भोपाळला बदली झाली तेव्हा आम्हाला आनंद नगरात घर मिळालं. तिसऱ्या मजल्यावर समोरासमोर दोन फ्लॅट, दोन्ही काकांचे. एकात ते आणि काकू, दुसऱ्यात आम्ही नवरा-बायको आणि चार वर्षांची मुलगी. काका मूळचे नागपूरचे. तरुणपणी इथल्या मोठ्या कारखान्यात टेक्निशियन म्हणून आले आणि फोरमन होऊन निवृत्त झाले. मूलबाळ नव्हतं. चाळीस वर्षांत त्यांच्या मराठीत हिंदी इतकी मुरली होती की कुठलं कुठे संपतं ते त्यांनाही सांगता आलं नसतं. पहिल्याच दिवशी त्यांनी माझ्या मुलीच्या डोक्यावर हात ठेवला आणि प्रेमाने म्हणाले, "काळजी नका करू. आमच्या भोपाळमध्ये पोरीला शिक्षा फार चांगली मिळते."

बायकोने मुलीला जवळ ओढलं.

"काका, शिक्षण," मी म्हणालो. "शिक्षा म्हणजे छड्या मारतात ती."

"एकच आहे ना, पुणेकर," ते म्हणाले. "आमच्या वेळी तर दोन्ही एकदमच मिळायचं."

तेव्हापासून मी 'पुणेकर' झालो. आणि मीही त्यांचं मराठी दुरुस्त करायचं व्रत घेतल्यासारखा वागू लागलो. आठवलं की माझी मलाच लाज वाटते. त्यांच्याच घरात राहून, त्यांच्याच खुर्चीत बसून, त्यांच्याच बायकोने केलेला चहा पीत मी त्यांना म्हणायचो, "काका, 'खराब' नाही, 'नासलं' म्हणायचं." ते मान डोलवायचे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा दूध खराबच व्हायचं.

तर उंदीर. काका उंदीर मारत नसत, त्यांची बदली करत. तारेचा पिंजरा होता, त्यात भज्याचा तुकडा लावायचे. सकाळी उंदीर सापडला की पिंजऱ्यासमोर उकिडवे बसून त्याला नीट बघायचे आणि जाहीर करायचे, "यांची ऑर्डर निघाली. करोंद." करोंदला धान्याची मंडी. तिथे पोत्यांच्या थप्प्या, सांडलेला गहू, उंदराला आणखी काय हवं? दोन एकदम सापडले तर म्हणायचे, "नवरा-बायको दिसून राहिले. एकाच ठिकाणी पोस्टिंग देऊ." घरातल्या पालीला त्यांनी 'नाइट शिफ्ट' असं नाव दिलं होतं आणि तिला कोणी झाडू दाखवलेला त्यांना चालत नसे.

पिंजरा स्कूटरवरून जायचा. आनंद नगरहून करोंद म्हणजे अख्खं शहर ओलांडून. एकदा मला मागे बसवून पिंजरा माझ्या मांडीवर दिला होता. सिग्नलला हवालदाराने विचारलं, "यह क्या है?" काका गंभीरपणे म्हणाले, "स्टाफ है. जॉइनिंग कराने जा रहे हैं." हवालदार माझ्याकडे बघून हसला. मांडीवर उंदीर घेतलेल्या माणसाला रुबाबात बसता येत नाही, तरी मी प्रयत्न केला.

काकू दारातून म्हणायच्या, "उंदराला स्कूटर. आणि मी गुडघ्यांनी मरून राहिली, तर मला म्हणतात रोज चालत जा, व्यायाम होते."

हे भूतदयेचं खूळ असावं असं मला वाटायचं. ऑफिसात डबा खाताना मी काकांच्या नकला करायचो आणि त्या चांगल्या व्हायच्या. खरं कारण मला दोन वर्षांनी कळलं. बायकोने एकदा झुरळांवर मारायचा फवारा आणला आणि आमच्या स्वयंपाकघरात फुसफुसवला. पाच मिनिटांत समोरच्या घरात काकू खिडकीचे गज धरून उभ्या होत्या, श्वास आत जाईना. काका त्यांच्या पाठीवरून हात फिरवत होते. संध्याकाळी बोरिक पावडर आणि कणकेच्या गोळ्यांची वाटी घेऊन आले. "याला वास नाही येत," म्हणाले. "लग्नानंतर आम्ही जुन्या शहरात भाड्याने राहायचो. गॅसच्या रात्रीपासून हिची छाती अशीच आहे." त्यापुढे मी काही विचारलं नाही. भोपाळमध्ये त्यापुढे कोणी विचारत नाही.

स्कूटरचीही अशीच तऱ्हा. पेट्रोल भाजीसारखं ताजं घ्यावं, असं त्यांचं मत. त्यामुळे टाकीत कायम जेमतेम. कान टाकीला लावून, स्कूटर हलवून, आतल्या डबडब आवाजावरून ती किती किलोमीटर जाईल ते सांगायचे आणि ते बरोबर यायचं. उतार आला की इंजिन बंद. घर यायच्या आधी, कोपऱ्यावरच्या पानवाल्यापाशी, पेट्रोलचा कॉक बंद करायचे. पाइपात राहिलेल्या पेट्रोलवर स्कूटर बरोबर आमच्या फाटकापर्यंत यायची आणि तिथे मान टाकायची. "पाइप कोरडा पाहिजे," म्हणायचे. "नाहीतर उंदीर कुरतडते आणि आग लागते." कधी पानवाला बोलण्यात गुंतवायचा, हिशेब चुकायचा आणि स्कूटर वीस पावलं आधीच मरायची. मग ढकलत आणायचे आणि वर बघून, गॅलरीत मी दिसलो तर म्हणायचे, "वारं उलटं होतं."

दर रविवारी टाचणी घेऊन टाकीच्या झाकणातलं बारीक भोक साफ करायचे. त्या भोकातून टाकी श्वास घेते, ते बुजलं की पेट्रोल उतरत नाही आणि भरल्या टाकीने गाडी बंद पडते. आणि कुंभारीण माशीला मातीचं घर बांधायला नेमकं तेच भोक आवडायचं. "बाईला प्लॉट पसंत आहे," म्हणत ते माती टोकरायचे. तिलाही मारत नसत, नुसतंच हुसकावायचे.

पुढे मी एक जुनी छोटी गाडी घेतली. काकांनी बॉनेटखाली तंबाखूच्या पुड्या ठेवल्या, उंदीर येऊ नयेत म्हणून, आणि महिनाभर आमचं कुटुंब जर्द्याच्या वासात फिरलं. त्या गाडीच्या पेट्रोलचा काटा मेलेला होता. टाकी भरली तरी तो शून्यावर आडवा. मी किलोमीटर मोजून पेट्रोल भरायचो. ही गोष्ट मी काकांपासून लपवली, कारण त्यांना कळलं असतं तर त्यांनी रविवारी सकाळी डॅशबोर्ड उघडला असता आणि मला टॉर्च धरून उभं राहावं लागलं असतं. काटा दुरुस्त करायला मेकॅनिककडे एक तास लागला असता. तो एक तास मी दीड वर्ष पुढे ढकलत होतो.

आता काकूंच्या बहिणीविषयी सांगायला हवं. ती नागपूरला असायची. काकू तिला 'धाकटी' म्हणायच्या, म्हणून आम्हीही. आम्ही राहायला आलो तेव्हा दोघींचा अबोला होता, आणि त्याला कारण काका. धाकटीच्या मुलीच्या लग्नात रुखवतात एक मोठं लाकडी कपाट मांडलं होतं. वरमाय कौतुकाने बघत होती. काका तिथे गेले, त्यांनी कपाटाच्या पाठीवर बोटाने टकटक केलं, कान लावला आणि भर मांडवात म्हणाले, "यात वाळवी आहे. आतून पोकळ झालं."

वाळवी होती. ते कोणी नाकारलं नाही. पण वरमाय म्हणाली, "कपाट पोकळ की देणारे पोकळ?" आणि मग मांडवात जे व्हायचं ते झालं. लग्न लागलं, पण धाकटीने काकूंना सांगितलं, "यापुढे माझ्या घरी यायचं तर यांना सोडून ये." काकूंनी पिशवी उचलली आणि काकांबरोबर रात्रीच्या गाडीने भोपाळला परत आल्या. त्याला अकरा वर्षं होत आली होती.

"खरं बोललो होतो," काका मला एकदा म्हणाले. "पण कपाटाला घाई नव्हती. दोन दिवसांनी बोललो असतो तरी वाळवी तिथेच असती."

एका संध्याकाळी धाकटीच्या मुलाचा फोन आला. आईच्या घशाला कॅन्सर, ऑपरेशनला दिल्लीला नेतोय. स्वरयंत्र काढावं लागणार. परवा आमची ट्रेन भोपाळवरून जाते, बाराच्या सुमाराला, दहा मिनिटं थांबते. आई म्हणते, मावशीला स्टेशनवर यायला सांग. आई फोनवर बोलू शकत नाही, आवाज एवढा बारीक झालाय की कानाशी तोंड नेलं तरच ऐकू येतो. तिला मावशीशी बोलायचं आहे.

भोपाळच्या मराठी घरांना हे स्टेशनवरचं भेटणं नवं नाही. नागपूरहून उत्तरेला जाणारं प्रत्येक माणूस आमच्या दारावरून जातं आणि आम्ही डबा घेऊन फलाटावर उभे असतो. दहा मिनिटांत पोळीभाजी, बारशाची बातमी आणि रडणं, सगळं उरकतं. पण ही दहा मिनिटं निराळी होती. दिल्लीला जाणं काकूंच्या गुडघ्यांना आणि छातीला झेपणारं नव्हतं. ऑपरेशननंतर धाकटीचा आवाज राहणार नव्हता. अकरा वर्षांचं जे काही होतं ते त्या दहा मिनिटांत, त्या उरलेल्या कुजबुजीत व्हायचं होतं.

काका दोन दिवस बसले नाहीत. स्टेशनला माझी गाडी न्यायची ठरली, कारण काकूंना स्कूटरवर बसवत नसे. त्यांनी माझ्या गाडीची चाकं बघितली, पाणी बघितलं, बसायच्या जागी उशी ठेवून बघितली. मधे रविवार होता, तोही त्यांनी माझ्याच गाडीची काच पुसण्यात घालवला. काकूंनी शेवयांची खीर केली, दोनदा गाळून अगदी पातळ, धाकटीला गिळता यावी म्हणून, आणि थर्मासमध्ये भरली.

त्या दिवशी सकाळी मला ऑफिसात तोंड दाखवून यायचं होतं. एका सहकाऱ्याच्या मोटरसायकलवर गेलो, गाडी घरीच ठेवली. बायको मुलीला घेऊन माहेरी पुण्याला होती. अकराला परत येऊन दोघांना घेऊन निघायचं असा बेत. साडेदहाला काकांचा फोन आला. साहेब समोर फाइल उघडून बसले होते.

"पुणेकर, मी बोलून राहिलो. गाडीचं कसं आहे?"

"काका, गाडी खाली आहे. किल्ली आमच्या दारामागच्या खिळ्याला. मी अकराला पोचतोच."

"खाली आहे?"

"हो हो, खाली आहे!" मी जरा चढ्या आवाजात म्हणालो, कारण साहेबांनी चष्म्यावरून बघितलं होतं.

"बरं. मी बघतो मग," ते म्हणाले आणि फोन ठेवला.

पुण्यात गाडी खाली असते तेव्हा ती इमारतीच्या खाली असते. भोपाळमध्ये गाडी खाली असते तेव्हा तिच्यात पेट्रोल नसतं. मी पुण्याचं बोललो, काकांनी भोपाळचं ऐकलं. माणूस चोख, म्हणून त्यांनी खात्रीही केली. घरमालकाकडच्या जादा चावीने आमचं दार उघडलं, किल्ली घेऊन उतरले, गाडीत बसून किल्ली अर्धीच फिरवली, काटा बघितला. काटा शून्यावर आडवा.

पुढचं त्यांनी नंतर तुकड्यातुकड्याने सांगितलं. काकूंना म्हणाले, तू हळूहळू जिना उतरून बस, मी दहा मिनिटांत पेट्रोल घेऊन आलो. माझ्या गाडीची किल्ली खिशात, हातात प्लास्टिकचा कॅन. मोबाइल फ्रिजवर. पहिल्या पंपावर सांगितलं, "कॅन में नहीं देंगे, बाबूजी. मना है." काकांनी त्याला ट्रेनचं सांगितलं, बहिणीचं सांगितलं, घशाचं सांगितलं. तो बिचारा म्हणाला, "नौकरी जाएगी मेरी." मग पुढच्या पंपावर. तिथे एका म्हाताऱ्या सरदारजींनी रांगेतून स्वतः रदबदली करून कॅन भरून दिला. परत येताना स्कूटर मधेच बंद पडली. टाकीत डबडब होती. किका मारल्या, प्लग काढून पुसला, पुन्हा किका मारल्या. बऱ्याच वेळाने झाकणाचं भोक आठवलं. कुंभारणीने घर बांधून पूर्ण केलं होतं. गेला रविवार माझ्या काचेत गेला होता.

मी अकराला पोचतो म्हणालो होतो, पोचलो सव्वाअकराला. काकू गाडीशेजारी प्लास्टिकच्या खुर्चीवर बसल्या होत्या. मोतिया रंगाची साडी, मांडीवर थर्मास.

"हे पेट्रोल आणायला गेले," म्हणाल्या.

"पेट्रोल? कशाला?"

"गाडीत नाही म्हणे."

माझ्या डोक्यात अजूनही प्रकाश पडला नाही. मी काकांना फोन लावला, तो वर फ्रिजवर वाजला. दुसरी किल्ली बायकोच्या पर्समध्ये, पुण्यात. गाडीत परवाच भरलेलं पेट्रोल होतं आणि मी तिच्या बंद दाराला हात लावून उभा होतो. इथे मी आणखी एक चूक केली. लगेच रिक्षा करायला हवी होती. पण "आता येतीलच" असं म्हणत मी दहा मिनिटं फाटकाकडे बघत राहिलो. काकूही म्हणाल्या, "त्यांना सोडून कसं जायचं? दोन दिवस झोपले नाहीत ते." शेवटी रिक्षा केली. रस्ता खोदलेला होता. काकू एकदाच बोलल्या, "दहा मिनिटं थांबते ना ती?"

स्टेशनवर पोचलो तेव्हा ट्रेन लागलेली होती. पण फलाट पलीकडचा. पुलाचा जिना. एक एक पायरी, दोन्ही पाय टेकवून, कठडा धरून. काकूंना दम लागला की मी म्हणायचो, "थांबा जरा," आणि त्या म्हणायच्या, "नाही, थांबू नका." तेवढ्यात धाकटीच्या मुलाचा फोन, "कुठे आहात? आई दारात उभी आहे, ऐकत नाहीये." मी ओरडून सांगितलं, पुलावर आहोत. आम्ही पुलाच्या मध्यावर आलो आणि पायाखाली धक्का बसल्यासारखं झालं. ट्रेन सुटली होती. एकेक डबा आमच्या खालून जात होता. काकू कठड्याशी वाकून उभ्या राहिल्या. वरून डब्यांची छपरं तेवढी दिसतात. शेवटचा डबा गेला तरी त्या वाकलेल्याच होत्या.

घरी आलो तर काका जिन्याच्या पहिल्या पायरीवर बसले होते. आम्हाला बघून उठले. हातात कॅन होता.

"मिळालं," म्हणाले. मग आमचे चेहरे बघितले.

"काका," मी म्हणालो, "गाडीत पेट्रोल होतं."

"तुम्हीच म्हणाले ना. गाडी खाली आहे म्हणून. मी दोनदा विचारलं."

"खाली म्हणजे... इथे. खाली. पार्किंगमध्ये."

ते माझ्याकडे बघत राहिले. मग गाडीकडे. मग जमिनीकडे, जणू 'खाली' म्हणजे नेमकं काय ते तिथे लिहिलेलं होतं. मी काट्याचंही सांगून टाकलं. त्यांनी मान हलवली. काकू मधून वाट काढून जिना चढू लागल्या. चौथ्या पायरीवर थांबून म्हणाल्या, "खीर नासेल. वर चला."

नासेल म्हणाल्या. मला तेही लागलं.

मी नंतर माफी मागायला गेलो तर काका म्हणाले, "नाही नाही. मराठी तुमचंच बरोबर होतं. बिघडलं ते माझं." त्यांनी टोमणा मारला असता तर बरं झालं असतं. पण ते खरंच तसं समजत होते. त्यानंतर त्यांनी तो शब्द वापरणंच सोडलं. जिन्याने खाली जायचं असेल तर 'उतरून येतो' म्हणायचे, डबा खाली असेल तर 'रिकामा'. जिभेवर आलेला शब्द गिळून दुसरा शोधताना ते क्षणभर थांबायचे, आणि तो क्षण मी दिवसातून चार वेळा बघायचो. मी त्यांचं मराठी दुरुस्त करणं बंद केलं, पण ते आता स्वतःच करू लागले होते. मी गाडीचा काटा दुसऱ्याच दिवशी दुरुस्त करून घेतला. खरंच एक तास लागला.

तीन आठवड्यांनी धाकटी परत निघाली. ट्रेन दुपारी तीनला. काकांनी आम्हाला बाराला फलाटावर नेऊन बसवलं. बरोबर फलाटावर, बरोबर डब्याच्या जागी. पुन्हा थर्मास, पुन्हा खीर.

ट्रेन थांबली आणि मुलगा आईला धरून दारात घेऊन आला. मी तिला पहिल्यांदाच बघत होतो. काकूंचाच चेहरा, अर्धा करून ठेवलेला. गळ्याभोवती पांढरं सुती कापड. काकू दाराच्या दांड्याला धरून उभ्या राहिल्या. धाकटी वाकली आणि तिने काकूंच्या उजव्या कानाशी तोंड नेलं. सवयीने. ओठ हलत होते. आवाज नव्हता, श्वासही आता गळ्याला पाडलेल्या भोकातून जात होता. मुलाने "आई..." म्हटलं. ती बोलतच राहिली आणि काकू "हो" म्हणत राहिल्या. "हो." थोडं थांबून, बरोबर जागी, "हो ना." मधेच एकदा, "नाही गं, तसं नाही."

काका मागे खांबाशी उभे होते, ते पुढे आले.

"धाकटे," म्हणाले, "त्या दिवसाचं सांगायचं आहे. हिची काही चूक नाही. हे आमचे पुणेकर, यांनी गाडी देऊ केली होती, चांगली गाडी. पेट्रोल बघायचं काम माझं होतं. मी विसरलो. साफ विसरून गेलो. तुला तर माहीतच आहे मी कसा आहे."

चाळीस वर्षांत पेट्रोल विसरला नाही असा माणूस हे सांगत होता. मी शेजारी थर्मास धरून उभा होतो. मी तोंड उघडायला हवं होतं. मी थर्मास या हातातून त्या हातात घेतला. तेवढंच केलं.

धाकटीने काकूंच्या कानापासून तोंड काढलं आणि काकांकडे बघितलं. तिच्या चेहऱ्यावर रंग आला. डोळे मोठे झाले. तिने बोट उगारलं आणि काकांच्या छातीवर दोनदा, तीनदा आपटलं. मुलगा एकदम हसला, "बघ मावशी, आई रागावली! ऑपरेशननंतर पहिल्यांदा!" काका मान खाली घालून उभे. ट्रेनने शिटी दिली. थर्मास मुलाकडे गेला, काकूंचा हात सुटला, धाकटीचं बोट ट्रेन हलली तरी उगारलेलंच होतं.

परतताना मी गाडी चालवत होतो. काकू मागे उजव्या कानावर तळवा धरून बसल्या होत्या, कान दुखत असल्यासारख्या. मग माझ्याने राहवलं नाही.

"काका, तुम्ही असं का सांगितलंत तिला? शब्द माझा होता. काटा माझा होता. माझं नाव सांगायचं."

काका समोरच्या रस्त्याकडे बघत म्हणाले, "अकरा वर्षं ती माझ्यावर रागावून राहिली, पुणेकर. तिला त्याची सवय आहे. आता अंगात ताकद किती उरली तिच्या? नवीन माणसावर रागवायला सुरुवात कुठून करणार ती?"